कोरडे कपडे

मंगळवारी सकाळी भेंडी चिरत असताना नीलची मेल आली आणि पद्मजाला समजलं की आपल्याला उत्तम पोहता येतं. मेल म्हणजे खरं तर एक फॉर्म होता. जुलैत ग्रीसच्या एका बेटावर आठ दिवस जायचं ठरलं होतं; मुलगा नील, त्याची बायको देवयानी, त्यांची दहा वर्षांची ऋता आणि ही. तिथल्या किनाऱ्यावर होड्या चालवायला शिकवणारी एक शाळा होती आणि शाळेला प्रत्येकाची माहिती आधी हवी होती. नीलने जर्सी सिटीत बसून चौघांचीही भरून टाकली होती. पद्मजाने एडिसनमध्ये बसून आपल्या नावाखाली फक्त सही करायची, तीही बोटाने, स्क्रीनवर. वय अडुसष्ट. रक्तदाब आहे, गोळीने आटोक्यात. पोहता येतं का, उत्तम. त्याखाली शेऱ्याची एक चौकट होती, शहाणी माणसं जी रिकामी ठेवतात, तिच्यात त्याने लिहिलं होतं की आईने बाराव्या वर्षी नदी पोहून पार केली आहे. पुढे एक हसरा चेहराही टाकला होता. आणखी खाली शाळेचा नियम होता. बारा वर्षांखालचं मूल दोन माणसांच्या कयाकमध्ये, म्हणजे त्या निमुळत्या होडीत, बसणार असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाला कशाच्याही आधाराशिवाय पन्नास मीटर पोहता आलंच पाहिजे. ऋताच्या सोबत आजीचं नाव होतं. सहीची जागा पिवळी होऊन लुकलुकत होती. पद्मजाने बोटं नॅपकिनला पुसली, लॅपटॉप मिटला आणि उरलेली भेंडी चिरली, गरजेपेक्षा फारच बारीक.

सहीच्या बाबतीत ती कर्मठ होती. हॉस्पिटलच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय तिने कधी सही केली नाही, मग मागे कितीही नमुने खोळंबोत. ग्रीन कार्डाच्या फॉर्मात आजवर कोणकोणत्या संघटनांचे सभासद होतात असं विचारलं होतं, तेव्हा तिने सांगलीच्या शाळेतलं गर्ल गाइडचं पथकसुद्धा लिहिलं होतं. तिचा नवरा एकनाथ त्यावर वर्षानुवर्षं हसत असे. पाहुणे आले की हमखास सांगायचा, हिला दोरीच्या किती प्रकारच्या गाठी मारता येतात याची अमेरिकन सरकारला संपूर्ण कल्पना आहे. अशी ही बाई, आणि तिच्या नावावर पस्तीस वर्षं एक अख्खी नदी खोटी चढलेली होती.

नदी खोटी नव्हती, म्हणजे. कृष्णा होती, सांगलीची, मे महिन्यातली, आटलेली आणि तरीही त्या वयात अफाट वाटणारी. मालिनी, तिची मावसबहीण, एका वर्षाने मोठी, भावांबरोबर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली होती. पद्मजाचा कान फुटायचा, म्हणून तिला पाण्यात उतरायची बंदी होती. त्या दिवशी मालिनीने डबा सोडला, घाटाच्या पायरीवर ठेवला, आणि कोणाला काही न सांगता पलीकडे निघाली. पद्मजा तिसऱ्या पायरीवर बसून होती. मांडीवर मालिनीचा कोरडा फ्रॉक, फ्रॉकवर दोन रिबिनी, शेजारी डबा. तिने एकेक हात मोजला. मधोमध गेल्यावर मालिनी थोडा वेळ नुसतीच थांबल्यासारखी दिसली आणि मग पुढे सरकली. पलीकडच्या मळीत, काठच्या गाळाच्या रानात, वांग्यांची रोपं होती. मालिनी चड्डी-बनियनवर, निथळत, त्या रोपांत वाकलेली लांबून दिसली, आणि परत आली तेव्हा तिच्या कमरेला एक वांगं खोचलेलं होतं. ते तिने पद्मजाच्या हातात दिलं, गार, चकचकीत, काट्यांच्या देठाचं, आणि फ्रॉक मागितला. पद्मजाने तो इतका घट्ट धरून ठेवला होता की त्याच्या साऱ्या चुण्या मोडल्या होत्या, आणि नदी ओलांडून आलेली मालिनी पहिल्यांदा बोलली ती त्या चुण्यांबद्दल.

पुढे एडिसनमध्ये, त्यांच्या जुन्या अपार्टमेंटच्या आवारातल्या पोहण्याच्या तलावावर, नील सहा वर्षांचा असताना पोहण्याच्या क्लासच्या तिसऱ्या दिवशी शिडीची दांडी धरून उभा होता. बाकीची मुलं केव्हाच आत गेली होती. ओठ निळे, खांदे कानांपर्यंत चढवलेले, आणि रडायचीही लाज वाटत असलेला. पद्मजा प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याचा टॉवेल, कोरडे कपडे आणि बूट घेऊन बसली होती. तिने ठरवून काही केलं नाही. ती उठली, काठाशी उकिडवी बसली आणि त्याला कृष्णेची गोष्ट सांगायला लागली, आणि सांगता सांगता मालिनीच्या जागी आपणच बोलतो आहोत हे तिच्या लक्षात आलं तोवर ती नदीच्या मध्यावर पोचली होती. त्याने विचारलं, खोल होतं का. हो. भीती वाटली का. मधोमध वाटली, मग नाही. थांबलीस? थोडा वेळ थांबले. तिला सगळं माहीत होतं, कारण तिने सगळं पाहिलं होतं. वांग्यापाशी तो हसला आणि त्याने दांडी सोडली. तिच्या बोलण्याचा कुणावर इतका परिणाम त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही. घरी जाताना सांगून टाकू असं तिने ठरवलं होतं, पण घरी जाताना तो ओल्या केसांनी सगळ्या शेजाऱ्यांना वांगं सांगत होता.

एकनाथला ठाऊक होतं. तो त्याबद्दल घरात एक अक्षर बोलला नाही, बाहेर मात्र सांभाळून घेई. मराठी मंडळाची सहल समुद्रावर गेली की सगळे पाण्यात आणि पद्मजा वाळूवर चादर पसरून, सगळ्यांच्या किल्ल्या, घड्याळं, चष्मे, चपला आणि पोह्यांचा ट्रे राखत बसलेली. नील ओढायला आला की एकनाथ सहज म्हणायचा, आज आईचा खांदा दुखतोय. पुढच्या वर्षी कालपासून कणकण असायची. इतक्या सफाईने की तिलाही खांद्यात काहीतरी जाणवायला लागे. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याच्याबरोबर तिची सगळी दुखणी गेली. तो पूल बांधणारा इंजिनियर. त्याच्या शोकसभेत नील उभा राहिला आणि म्हणाला, बाबांनी जन्मभर पूल बांधले आणि आईने कधी पुलाची वाट पाहिली नाही, आणि मग त्याने नदीची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत हसले. पद्मजा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. नीलच्या आठवणीतली बाकीची आई कशी आहे हे तिला पुरतं माहीत होतं. जॅकेट घाल, पोचलास की फोन कर, फॉर्मची एक कॉपी ठेव. त्या कटकट्या बाईच्या पाठीमागे कुठेतरी एक बारा वर्षांची मुलगी नदीत शिरत होती, आणि आईमधली नीलला आवडायची ती तेवढीच. तिला काढून घेतलं तर तो आपल्याकडे कशासाठी बघेल, हे पद्मजाला खरोखर कळत नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सही राहिली होती. तिने आडवळणाने विचारलं, लाइफ जॅकेट वगैरे देतात का ते. तो हसला. आजी-नात कयाकमध्ये असतील त्या सकाळच्या तीन तासांसाठी त्याने आणि देवयानीने शिडाच्या होडीचा कोर्स घेऊन ठेवला होता, दोघांनी मिळून असं काही केल्याला सहा वर्षं झाली होती, हे त्याने नको इतक्या हलक्या आवाजात सांगितलं. मग म्हणाला, “लाइफ जॅकेट असतंच गं. पण समजा कयाक उलटली, ऋता पॅनिक झाली, तर धरायला तू आहेस ना. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. नाहीतर मी हे बुकच केलं नसतं.” पद्मजा हो म्हणाली. सही उद्या करते म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला फार दमल्यासारखं वाटलं. खोटं एकदाच बोलली होती ती, पण त्याची पस्तीस वर्षं निगा राखावी लागली होती.

बुधवारी तिने त्या समुद्राचा अभ्यास केला. दुसरं काय करणार. वहीत, लॅबमधल्या त्याच सरळ अक्षरात, टिपणं काढली. हिरवा झेंडा, पिवळा झेंडा, लाल झेंडा. जांभळा असला तर पाण्यात जेलीफिश. जिथे रक्षक बसलेला असेल तिथेच उतरायचं. दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो, म्हणून होड्या सकाळीच न्यायच्या. उलटली तर होडी सोडायची नाही, होडीलाच धरून राहायचं आणि हात हलवायचा. वाहत चाललेल्या बॉलमागे किंवा फुगवलेल्या गादीमागे जायचं नाही. एक गोष्ट तिने दोनदा लिहिली. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा काठाजवळचं पाणी अगदी सपाट, निवांत दिसतं. माणसं निर्धास्तपणे आत जातात आणि मागे वळून बघतात तेव्हा किनारा लांब गेलेला असतो. निर्धास्त या शब्दापाशी तिचं पेन थांबलं. डोळ्यांपुढे ऋताची वेणी आली, नारिंगी जॅकेटच्या वर, समोरच्या जागेवर, आणि मग ती जागा रिकामी, वेणी पाण्यात, दोन हातांवर. दोन हात म्हणजे काय असतं ते पद्मजाने मोजलेलं होतं. टिपणांची चार पानं झाली. आता तिला पोहण्याबद्दलचं सगळं येत होतं, पोहणं सोडून.

खांदा पुढे करता आला असता. एकनाथचा तो खांदा अजून चालण्यासारखा होता. पण मग नील म्हणाला असता, तुला वल्हवायचं नाही, नुसतं बरोबर बस, पडली तर तू आहेसच. गुरुवारी तिने पुण्याला मालिनीला फोन लावला. का लावला ते तिला नीट सांगता आलं नसतं. परवानगी मागायला किंवा माफी मागायला, दोन्हींपैकी काहीतरी. मालिनीचे दोन्ही गुडघे नुकतेच बदलले होते आणि त्यांबद्दल तिने वीस मिनिटं घेतली. मग पद्मजाने नदी काढली.

“कोण, मी?” मालिनी म्हणाली. “पलीकडे गेले? एकटी?”

पद्मजाने डबा सांगितला, फ्रॉक सांगितला, वांगं सांगितलं. मालिनी आठवून बघत होती ते फोनवर ऐकू येत होतं. तुझा कान फुटायचा तेवढं आठवतंय बाई, ती म्हणाली, कापसाचा बोळा घालून हिंडायचीस. आणि मग हसत म्हणाली, “तूच गेली असशील, पद्मे. मला कशाला घालतेस त्यात?”

साठ वर्षांच्या जवळपास ज्या गोष्टीला पद्मजा जपत आली तिची मालकीण ती अशी चालता चालता टाकून मोकळी झाली. एकनाथ नव्हता, मालिनीला आठवत नव्हतं. आता जगात कोणीही उठून तिला खोटं पाडू शकत नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला भलतंच एकटं वाटलं. नदीवरून सगळे घरी निघून गेले आहेत, ऊन चढलं आहे, आणि आपण अजून त्या तिसऱ्या पायरीवर कोणाचातरी फ्रॉक मांडीवर घेऊन बसलो आहोत, आणि तो न्यायला कोणी येत नाही. तिला रडू आलं. तिने डाळीचा कुकर लावला आणि त्या शिट्यांच्या आवाजात थोडं रडून घेतलं.

शनिवारी नील ऋताला घेऊन आला. जायच्या आधी सगळ्यांनी एकदा प्रॅक्टिस करावी म्हणून त्याने गावातल्या बंदिस्त स्विमिंग पूलचे पास काढले होते. देवयानीला काम होतं. गाडीत ऋता पूर्ण वेळ शाळेतल्या तिच्या निबंधाबद्दल बोलत होती, त्यात वांगं होतं, आणि टीचरला आजीचा पोहतानाचा एक व्हिडिओ दाखवायचं तिने कबूल करून ठेवलं होतं. पूलवर ब्लीचचा वास होता. जुन्या लॅबमधलाच वास, त्यामुळे पद्मजाला उगीचच कामावर आल्यासारखं वाटलं. देवयानीने पाठवलेला लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख तिने घातला होता आणि त्यावर स्वेटर, सगळी बटणं लावून. काठाशी आल्यावर ऋताने आपला टॉवेल तिच्याकडे दिला, मग गॉगलची डबी. नीलने घड्याळ काढून दिलं, गाडीची किल्ली दिली, स्वतःचा टॉवेल दिला. कोणी विचारलं नाही आणि तिनेही विचार केला नाही. हात आपोआप पुढे झाले आणि सगळं छातीशी धरलं गेलं. नीलने फोन व्हिडिओसाठी हातात ठेवला होता.

“आजी, यू गो फर्स्ट,” ऋता म्हणाली.

पाणी निळं आणि सपाट होतं. तळाची काळी रेघ हलत होती. पद्मजा नीलकडे वळली आणि आवाज वर न चढवता म्हणाली, “नील, मला पोहता येत नाही.”

“खांदा दुखतोय का?” नीलने विचारलं. अगदी एकनाथच्या सुरात, तितक्याच सहज. हो म्हटलं की संपलं असतं. यालाही कुठेतरी माहीत आहे की काय, असं तिच्या मनात आलं, पण त्याचा चेहरा कोरा होता, हातातला फोन अजून तिच्याकडे धरलेला होता.

“खांदा बरा आहे. मला कधीच येत नव्हतं. नदी मालिनीमावशीने पार केली. मी पायरीवर तिचे कपडे घेऊन बसले होते.”

त्याने फोन खाली घेतला. पलीकडे कोणीतरी शिटी वाजवली आणि छताखाली ती बराच वेळ घुमली. शेवटी तो म्हणाला, “आणि वांगं?”

“वांगं खरं आहे. ते तिने माझ्या हातात दिलं.”

तो हसला नाही. तो हसेल असं तिला वाटलं होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तो पाण्याकडे बघत होता आणि त्याचे खांदे कानांकडे चढले होते. “मी तुझ्या सांगण्यावरून दांडी सोडली होती, आई,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “बुडालो असतो तर आली असतीस आत?”

याचं उत्तर तिने कधी दिलं नव्हतं, पण ते तिच्याजवळ तयार होतं. “आले असते. आणि दोघेही बुडालो असतो.”

तो लांब जाऊन बाकावर बसला. त्याने फोनवर फॉर्म उघडला. त्याचा अंगठा एका जागी बराच वेळ दाबून धरलेला तिला दिसला, शेऱ्याची चौकट मागून पुढे पुसली जात असणार. तिथूनच त्याने विचारलं की कयाकसाठी ऋताबरोबर आता मी माझं नाव घालतो, चालेल ना. चालेल ना म्हणजे शिडाच्या होडीचा कोर्स गेला, त्याचे आणि देवयानीचे ते तीन तास गेले. ऋता दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“वेट,” ती म्हणाली. “यू जस्ट सॅट देअर? द होल टाइम?”

“हो. ती परत येईपर्यंत.”

ऋताने त्यावर विचार केला, गॉगल डोळ्यांवर ओढला आणि धपकन पाण्यात गेली. तिच्यापुरतं एका निबंधाचं काय ते नुकसान झालं होतं. पद्मजा तशीच उभी राहिली. झालं एकदाचं, असं वाटायला हवं होतं. पण पाय जड झाले होते आणि कुठेतरी बसावं इतकंच वाटत होतं.

मग नील उठून आला. तिच्याकडे न बघता त्याने दोन्ही हात पुढे केले. “दे,” तो म्हणाला. तिने टॉवेल दिले, डबी दिली, घड्याळ आणि किल्ली दिली. त्याने हात मागे घेतले नाहीत. तिला क्षणभर कळेना. मग तिने स्वेटरची बटणं काढली, एकेक, आणि स्वेटर दिला, चष्मा दिला. तो ते सगळं घेऊन बाकावर जाऊन बसला, सगळं मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवले. राग गेला होता की नव्हता, चष्म्याशिवाय तिला दिसत नव्हतं. तिच्या हातांत काहीच उरलं नव्हतं आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला सुचेना. शिडी तीन फूट पाण्यात उतरत होती. पहिल्या पायरीला घोट्यांना गार लागलं, दुसरीला पोटऱ्यांना, तिसऱ्या पायरीवर ती सवयीने थांबली, आणि मग तळाला टेकली. पाणी कमरेच्या वर आलं. तिने दांडी दोन्ही हातांनी धरली होती. बाकावर एक धूसर आकृती होती, तिच्या मांडीवर गडद काहीतरी.

“दांडी सोड, आई,” तिकडून आवाज आला. “मला खरंच पोहता येतं.”